तडा गेला तरी पाणी आत शिरू नये: भूकंपाच्या पट्ट्यातली धरणं आणि त्यांचं प्लास्टिकचं अस्तर

शेततळ्यात अंथरलेला काळा कागद आता गावोगावी दिसतो. बहुतेक ठिकाणी ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा. खड्डा नीट चोपून घ्यायचा, कागद अंथरायचा, कडा चरात गाडायच्या, की पावसाळ्यात भरलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरतं. अभियंते याला जिओमेम्ब्रेन म्हणतात. याच जातीचं, पण दोन-तीन मिलिमीटर जाडीचं अस्तर मोठमोठ्या धरणांच्या भिंतींनाही लावतात, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. इटलीतल्या कोंत्रादा साबेत्ता या दगडी भरावाच्या धरणात ते १९५९ साली पहिल्यांदा वापरलं गेलं. मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे आयकोल्डने, २०१० मध्ये यावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, तोवर ते अडीचशेच्या वर मोठ्या धरणांवर पोचलं होतं.

शंभर मीटर उंचीची भिंत, मागे अब्जावधी लिटर पाणी, आणि अडवायला अडीच मिलिमीटरचं प्लास्टिक! ऐकणाऱ्याला चेष्टाच वाटेल. त्यात धरण भूकंपाच्या पट्ट्यात असेल तर आणखीच. पण हे अस्तर भिंत मजबूत करायला लावतच नाहीत. धरणाला दोन वेगवेगळी कामं करायची असतात: पाण्याचा रेटा पेलायचा आणि पाणी आरपार जाऊ द्यायचं नाही. जुन्या धरणांत ही दोन्ही कामं एकाच भिंतीवर टाकलेली असतात. अस्तर लावलं की त्यांची फारकत होते. रेटा भिंत पेलते, पाणी अस्तर अडवतं. भूकंपात या फारकतीला एवढी किंमत का येते, ते समजायला कोयनेकडे बघावं लागतं.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. चार वाजून एकवीस मिनिटांनी ६.३ च्या आसपास क्षमतेचा भूकंप झाला. कोयनानगर परिसरात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरण १०३ मीटर उंच, रबल काँक्रीटचं, जेमतेम तीन-चार वर्षांपूर्वी पूर्ण झालेलं, आणि जलाशय बऱ्यापैकी भरलेला. डिझाइन करताना गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के एवढा आडवा धक्का धरला होता. प्रत्यक्षात धरणातल्याच यंत्रावर त्याच्या कित्येक पट नोंद झाली. भिंत पडली नाही. पण सांडव्याच्या दोन्ही अंगांच्या उंच भागांत आडवे तडे गेले, जलाशयाच्या बाजूलाही आणि खालच्या बाजूलाही, म्हणजे नदी पुढे वाहते त्या अंगालाही. ते गेले माथ्यापासून साधारण ३६ मीटर खाली, जिथे भिंतीचा खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पातळीला. काँक्रीट दाबाला पुरून उरतं, ताणाला मात्र फार कच्चं. भिंतीचा माथा पुढेमागे झोके घेतो तेव्हा कंबरेशी एकदा या बाजूला ताण येतो, एकदा त्या बाजूला, आणि सगळ्यात आधी तीच जागा फाटते.

तडा गेला म्हणून धरण लगेच कोसळत नाही. वरचा ठोकळा आपल्या वजनाने खालच्यावर बसलेलाच असतो. खरी भीती त्या तड्यात शिरणाऱ्या पाण्याची. कोयनेचाच हिशेब ढोबळमानाने करू. तडा पायथ्यापासून ६६ मीटरवर आणि पाणी ९१-९२ मीटरवर धरलं, तर तड्यावर २५ मीटर पाणी उभं आहे. जलाशयाकडच्या तोंडाशी हे पाणी तड्यात शिरलं, की तिथे ते दर चौरस मीटरला २५ टन जोराने वरच्या ठोकळ्याला उचलू बघतं. ठोकळा तेवढा हलका होतो, त्याची खालच्या भागावरची पकड ढिली पडते, आणि मागून जलाशयाचा आडवा रेटा चालूच असतो. मग येतात उत्तरधक्के. मुख्य धक्क्यात सहीसलामत राहिलेली भिंत तड्यात पाणी भरलेल्या अवस्थेत पुढचे धक्के कसे सोसेल, हा धरण-अभियंत्यांना छळणारा प्रश्न आहे. कोयनेत तडे इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने भरले, पोलादी केबल ताणून बसवल्या आणि पुढे उंच भागांना खालच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. तो बळकटीचा उपाय होता आणि तिथे तोच हवा होता. अस्तराचा सवाल वेगळा आहे: तडा गेलाच, तरी पाणी तिथपर्यंत पोचू नये म्हणून काय करता येईल?

उत्तर सोपं वाटतं. भिंतीला जलाशयाच्या बाजूने काहीतरी पाणीबंद लावून टाका. इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं कोटिंग मारलेलं असतं. स्लॅबला बारीक तडा गेला की कोटिंगही नेमकं त्याच रेषेत फाटतं आणि पावसाळ्यात पुन्हा छताला ओल धरते. कोटिंग चांगलं नव्हतं असं नाही, ते चिकटलेलं होतं. पूर्ण चिकटलेल्या थराखाली शून्य रुंदीचा तडा पाच मिलिमीटर उघडला, तर ते पाच मिलिमीटर पुरवायला थराकडे तड्याच्या ओठांपुरतीच जागा असते. तेवढ्याशा जागेत कुठलाही पदार्थ इतका ताणला जाऊ शकत नाही.

म्हणून धरणावरचं अस्तर भिंतीला चिकटवत नाहीत, टांगतात. तेच पाच मिलिमीटर आता अर्ध्या मीटर मोकळ्या लांबीत वाटले जातात, म्हणजे ताण फक्त एक टक्का. धरणावर वापरतात ते मऊ पीव्हीसी प्रयोगशाळेत तुटण्यापूर्वी दुपटीहून जास्त ताणलं जातं. जलाशय भरलेला असताना पाणी अस्तराला भिंतीवर दाबून धरतं, त्यामुळे सगळी लांबी कामी येत नाही, हे खरं. पण एक टक्का आणि दोनशे टक्के यांच्यामध्ये चुकीला भरपूर जागा आहे. शेततळ्याचा कागद बहुतेक वेळा एचडीपीईचा, म्हणजे दाट पॉलिथिनचा असतो. तो जास्त कडक. साधारण १२ टक्के ताणालाच त्याची लवचीकता संपते आणि ओरखडा किंवा जोड असेल तिथे ताण गोळा होतो. उंच धरणांच्या उभ्या भिंतींवर पीव्हीसीला पसंती मिळाली त्यामागे हे मोठं कारण आहे.

आता हे काम जवळून पाहू. कारखान्यातून येतं ते दोन-तीन मिलिमीटरचं पीव्हीसी आणि त्याच्या पाठीला कारखान्यातच जोडलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे जाड नमद्यासारखं कापड. हे कापड भिंतीच्या खडबडीत टोकांपासून अस्तराला वाचवतं आणि मागे आलेल्या पाण्याला खाली झिरपायला वाटही देतं. भिंतीवर काही-काही मीटरवर उभ्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या अँकरने बसवतात. अस्तराचे पट्टे माथ्यावरून खाली सोडतात, शेजारच्या पट्ट्याशी गरम हवेने वेल्ड करतात, आणि दुहेरी पट्टीच्या चिमट्यात धरून ताणून घेतात, म्हणजे वाऱ्यात फडफडत नाही आणि खाली ओघळत नाही. सगळ्यात जिकिरीची असते ती कड. पायथ्याशी, दोन्ही डोंगरांच्या बाजूंना आणि सांडव्याच्या कडेला अस्तर संपतं, तिथे सपाट स्टीलच्या पट्टीखाली रबरी गॅस्केट घालून जवळजवळ बोल्ट कसतात. खालचं काँक्रीट आधी रेझिनने गुळगुळीत करून घेतात, कारण कडेखाली पोकळी राहिली तर पाणी तिथूनच मागे जाणार. भूकंपात भिंत आणि डोंगर वेगवेगळे हलतात, ते नेमके या कडेवर. म्हणून जाणता डिझाइनर तिथे अस्तर ताणून संपवत नाही, जास्तीची लांबी राखून ठेवतो.

धरणाचे मोठे ठोकळे एकमेकांना भिडतात त्या उभ्या सांध्यांवर आणखी एक खबरदारी घेतात. ६० मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला ६० टन. पाच मिलिमीटर उघडलेल्या फटीच्या एक मीटर लांबीवर त्यातले ३०० किलो येतात, आणि अस्तराला ते फटीवरून तोलून धरायचे असतात. एवढ्याला ते सहज पुरतं. पण भूकंपात सांधा दोन-तीन सेंटीमीटर उघडला, तर पाणी अस्तराला त्या फटीत कोंबायला लागतं. म्हणून सांध्यावर आधी आधाराचे एक-दोन जास्तीचे थर घालतात आणि मुख्य अस्तर त्यावरून मोकळं जातं. झळ बसायची ती खालच्या थरांना बसते.

आणि अस्तरामागची पोकळी कोरडी ठेवायची असते. मला तर या सगळ्या व्यवस्थेतली ही सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. अस्तरातून चुकून झिरपलेलं पाणी, शिवाय जुन्या काँक्रीटमध्ये मुरलेलं पाणी, या पोकळीतून पायथ्याला उतरतं आणि पाइपांतून धरणाच्या आतल्या गॅलरीत, म्हणजे बोगद्यासारख्या वाटेत येतं. पोकळीचे कप्पे पाडलेले असतात. प्रत्येक कप्प्याचा पाइप वेगळा. रोज मोजलं की कुठल्या कप्प्यात गळती वाढली ते कळतं. भूकंपानंतर पहिल्या तासात धरणावरच्या माणसाला हवी असते ती हीच माहिती. पाण्याखालची साठ मीटर उंच भिंत डोळ्यांनी तपासता येत नाही; पण सात नंबरच्या पाइपात कालपर्यंत करंगळीएवढी धार होती आणि आज मनगटाएवढी आहे, हे गॅलरीत उभं राहून दिसतं.

भारतात हा प्रयोग प्रथम झाला तमिळनाडूत, २००५ साली, कोइंबतूर जिल्ह्यातल्या कडंपरई धरणावर. ६७ मीटर उंचीचं हे दगडी बांधकामाचं धरण ४०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पाचा (पाणी पंपाने वर चढवून ठेवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची) वरचा जलाशय सांभाळतं, त्यामुळे पाणी सतत वरखाली होतं. दगडांमधल्या दरजांतला चुनकट भाग पाण्यासोबत वर्षानुवर्षं धुपत गेला की भिंत चाळणीसारखी पाझरू लागते. कडंपरईत गळती मिनिटाला सुमारे ३८ हजार लिटरवर गेली होती. अस्तरानंतर ती मिनिटाला शंभर लिटरच्या आसपास आली. हे काम भूकंपासाठी नव्हतं, गळतीसाठी होतं. पण दगडी धरणाला भूकंपाच्या दृष्टीनेही त्याचा फायदा आहेच. दरजा धुपल्या की दगडी भिंतीची ताण सोसायची उरलीसुरली ताकदही जाते. पाणी थांबलं की निदान झीज थांबते. पुढे तमिळनाडूतल्याच सेरवलार आणि अप्पर भवानी धरणांवर हीच पद्धत गेली.

भूकंप समोर ठेवून अस्तर निवडल्याचं ठळक उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. सॅन डिएगो भागाचं बरंचसं पाणी लांबून कालव्यांनी आणि पाइपांनी येतं, आणि वाटेत मोठे प्रस्तरभंग, म्हणजे भूकंपात खडक जिथे सरकतात त्या भेगा, आडवे येतात. एखाद्या मोठ्या भूकंपात ती वाट तुटली तर लोकांनी प्यायचं काय, या विचारातून तिथल्या पाणी प्राधिकरणाने आणीबाणीचा साठा करायला घेतला. त्यातलं ऑलिव्हनहेन धरण २००३ मध्ये झालं, ९७ मीटर उंच, रोलर फिरवून दाबलेल्या काँक्रीटचं. (भारतातलं अशा काँक्रीटचं पहिलं काम आपल्याच घाटघरला झालं.) हे काँक्रीट साधारण ३० सेंटीमीटरच्या थरांत रचत जातात. काम झपाट्याने उरकतं, पण थराथरांमधल्या शेकडो आडव्या सांध्यांतून पाणी झिरपायची शक्यता राहते, आणि भूकंपात भिंत उकलायची तर त्याच सांध्यांवर उकलणार. शिवाय हे धरण नेमकं भूकंपानंतर कामी यायचं आहे! भिंत टिकली पण पाणी वाहून गेलं तर धरण बांधून काय उपयोग? म्हणून जलाशयाच्या बाजूची पूर्ण भिंत पीव्हीसीच्या निचरायुक्त अस्तराने मढवली. कोलंबियातलं मिएल-१ हे १८८ मीटरचं धरण त्याच्या आदल्याच वर्षी, २००२ मध्ये, याच पद्धतीने पूर्ण झालं होतं. तोही भूकंपाचाच देश.

दगडी भरावाच्या धरणांची गोष्ट थोडी वेगळी आहे. भराव मुळातच लवचीक. भूकंपात तो बसतो, फुगतो, थोडा सरकतो, आणि सहसा टिकून राहतो. अडचण येते ती त्याच्या तोंडावर पाणी अडवायला बसवलेल्या काँक्रीटच्या पातळ थराची, कारण तो वाकत नाही. चीनमध्ये १२ मे २००८ च्या वेनचुआन भूकंपात झिपिंगपू हे १५६ मीटरचं धरण केंद्रापासून जेमतेम १७ किलोमीटरवर होतं. माथा पाऊण मीटरच्या आसपास खचला, काँक्रीटचे स्लॅब सांध्यांवर एकमेकांत घुसून चुरले, एका आडव्या सांध्यावर वरचा स्लॅब खालच्यापासून १७ सेंटीमीटरपर्यंत सरकला. धरण वाचलं. पाणी त्या वेळी कमी होतं आणि भराव उत्तम दाबलेला होता. भरावाच्या तोंडावर काँक्रीटऐवजी, किंवा काँक्रीटच्या खाली, जिओमेम्ब्रेन घालायचा विचार पुढे येतो तो अशा ठिकाणी. भराव खचला की तेही त्याच्याबरोबर खाली येतं. तिरानाला पाणी पुरवणारं अल्बानियातलं ९१ मीटरचं बोव्हिला धरण १९९६ मध्ये असंच बांधलं. पीव्हीसीचं अस्तर आणि त्यावर संरक्षणाला काँक्रीटच्या लाद्या.

पण उतारावर अस्तर घालताना एक नवाच धोका आपण विकत घेतो. गुळगुळीत प्लास्टिकवर माती, कापड, लाद्या, काहीही नीट टिकत नाही. गुळगुळीत एचडीपीई आणि जिओटेक्स्टाइल यांच्यातला घर्षणकोन, म्हणजे ज्या उतारापुढे वरची वस्तू घसरू लागते तो कोन, दहा अंशांच्या आसपास असतो, आणि दगडी भरावाचं तोंड ३४ अंशांचं. न हलताच जे घसरू पाहतं, ते भूकंपात थांबेल कशाला? १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केटलमन हिल्स इथे घातक कचऱ्याचा अख्खा ढीग खालच्या अस्तराच्या थरांवरून घसरला. तेव्हा भूकंपही नव्हता. म्हणून धरणावर कापड पाठीला जोडलेलंच अस्तर घेतात, भराव चढवतानाच त्यात काही-काही अंतरावर अस्तराचेच पट्टे गाडून ठेवतात आणि वरचं अस्तर त्यांना वेल्ड करतात. भूकंपप्रवण भागात अस्तरावर माती-दगडांचं जड पांघरूण घालण्यापेक्षा ते उघडं ठेवलेलं बरं, असं माझं मत. उन्हाने ते हळूहळू म्हातारं होतं, वाहून आलेले ओंडके त्याला खरचटतात, हे मान्य. पण खराब झालं तर दिसतं आणि ठिगळ लावता येतं.

अस्तराच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीही कमी नाहीत. तैवानमध्ये २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपात शिगांग धरणाच्या खालूनच प्रस्तरभंग गेला आणि धरणाचं एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत कित्येक मीटर वर उचललं गेलं. तिथे पीव्हीसी काय करणार! १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोअर सॅन फर्नांडो धरणाच्या भरावातली ओली माती धक्क्यात पातळ होऊन जलाशयाकडचा उतारच घसरला; सुमारे ८० हजार लोकांना हलवावं लागलं. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये चांग, टप्पर, सुवी अशा मातीच्या धरणांची अशाच तऱ्हेने हानी झाली. जलाशयांत पाणी फारच कमी होतं म्हणून निभावलं. पायातली वाळू आधी घट्ट करणं, उतार सपाट करणं, पायथ्याशी भार देणं ही कामं अस्तराच्या आधीची. ती टाळून कुणी अस्तर विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

आणि अस्तराच्या कामाने दुसरंच काहीतरी बिघडू शकतं. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या टॉम सॉक या उदंचन प्रकल्पाच्या वरच्या जलाशयाला २००४ मध्ये नवं अस्तर घातलं. त्याला भोकं पाडायची नाहीत म्हणून पाण्याची पातळी मोजणारे पाइप वेगळ्या पद्धतीने, केबलच्या आधाराने बांधले. ते सुटले, जागचे हलले आणि पातळी खरीपेक्षा कमी दाखवू लागले. १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे पंप चालूच राहिले, पाणी काठावरून गेलं आणि भराव फुटला. अस्तराने आपलं काम चोख केलं होतं.

महाराष्ट्रात दगडी धरणं भरपूर आहेत, त्यातली बरीच पश्चिम घाटाच्या कुशीत, काही कोयनेच्या भूकंपक्षेत्रापासून फार लांब नाहीत. पुण्याजवळच्या टेमघरच्या गळतीची चर्चा सगळ्यांनी वाचली आहे. तिथे ग्राउटिंग, म्हणजे भिंतीच्या पोकळ्यांत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबून भरणं, आणि जलाशयाच्या बाजूला शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट, असा मार्ग घेतला गेला. शॉटक्रीट भिंतीला घट्ट धरतं. रोजच्या गळतीला ते चालून जातं, पण भिंतीत नवा तडा गेला की तो त्यातही उतरतो. अशा धरणांवर कधी अस्तराचा विचार झाला तर खरी ओढाताण होईल ती दिवसांची. पाणी पायथ्यापर्यंत उतरतं ते एप्रिल-मेमध्ये, आणि जूनच्या मध्याला पाऊस दाराशी. तेवढ्यात दगडी भिंतीचे उंचसखल भाग भरायचे, अँकर ठोकायचे, ते ओढून बघायचे, कड बसवायची. शहराचं पिण्याचं पाणी त्याच जलाशयात असेल तर तो रिकामा करणंही शक्य नसतं. त्यावर एक तोड आहे: कॅलिफोर्नियातल्या लॉस्ट क्रीक धरणावर १९९७ मध्ये पाणबुड्यांनी पाण्याखालीच अस्तर बसवून दाखवलं. खर्च अर्थातच वाढतो, आणि पाण्याखाली बोल्ट किती कसला गेला हे प्रत्येक वेळी कुणीतरी खाली जाऊनच बघावं लागतं. दोन उन्हाळ्यांत अर्धं-अर्धं काम वाटून घेणं हा मधला मार्ग. पहिल्या वर्षी पायथा आणि खालचे कप्पे, दुसऱ्या वर्षी वरची भिंत. खालचा भाग आधी, कारण दाबही तिथेच जास्त आणि पाणी परत चढलं की पुन्हा हात न पोचणारी जागाही तीच.